दहावीची सांख्यिकी आणि पस्तिसाची रेघ

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. तिथे पारावर ‘सरासरी’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीन एकरी सरासरी किती झाले, हळदीला सरासरी भाव काय लागला, हे बोलणे रोजचेच. पण त्याच घरातला मुलगा दहावीत ‘सांख्यिकी’ हे प्रकरण उघडतो आणि म्हणतो, “हे काही आपल्या कामाचं नाही.” असे का व्हावे?

एक कारण साधे आहे. गणित भाग एकच्या पुस्तकात सांख्यिकी अगदी शेवटी येते. वर्गसमीकरणे, श्रेढी, अर्थनियोजन यांत वर्ष सरते आणि मग हे प्रकरण पुष्कळ ठिकाणी घाईने उरकले जाते. सूत्र पाठ करा, किमती घाला, उत्तर काढा, झाले! माझ्या मते शिक्षकाने याहून जास्त मागितले पाहिजे, आणि काय मागणार ते जूनमध्येच मुलांना सांगून ठेवले पाहिजे.

समजा, दहा शेतकऱ्यांपैकी नऊ जणांची हळद प्रत्येकी 10 क्विंटल झाली आणि एका मोठ्या बागायतदाराची 110 क्विंटल झाली. एकूण 200, म्हणून मध्य 20 क्विंटल. गणित बरोबर आहे; पण 20 क्विंटल हळद त्या दहांतल्या कुणाच्याच घरात नाही. मध्यक काढा, 10 येतो. बहुलक काढा, तोही 10. तिन्ही उत्तरे काढून दाखवणाऱ्या मुलाला गुण द्याच. पण ‘या गावाबद्दल खरे बोलणारा आकडा कोणता, आणि का?’ हे दोन ओळींत लिहिणाऱ्याला विषय कळला असे मी समजेन. चपलांचा दुकानदार बहुलकावर माल भरतो, मध्यावर नव्हे. साडेसात पूर्णांक अमुक मापाची चप्पल कुणाच्या पायात जाणार?

वर्गीकृत सारणीचेही तसेच. 10 ते 20 या वर्गातल्या सगळ्यांना आपण वर्गमध्यावर, म्हणजे 15 वर बसवतो. ते खरोखर तिथे असतात असे नाही. आपण तसे धरून चालतो. म्हणून येणारा मध्य हा अंदाज असतो. आणि सरळ पद्धत, गृहीतमध्य पद्धत व मध्यप्रमाण विचलन पद्धत या तिन्हींचे उत्तर एकच येते, फक्त आकडेमोड हलकी होते. एवढे मुलाच्या तोंडून आले पाहिजे.

आता गुणांकडे येऊ. भाग एक 40, भाग दोन 40 आणि शाळेच्या हातचे 20 असे 100. उत्तीर्ण व्हायला 35. चार गुणांचे उदाहरण असेल तर मी सारणीला, सूत्राला, किमती घालण्याला आणि उत्तराला वेगळे गुण देण्याच्या बाजूचा आहे. सारणीत बेरीज एकदा चुकली तर शिक्षा एकदाच व्हावी. पुढची रीत शुद्ध असताना चुकीचे शेपूट धरून सगळे गुण कापणे हा न्याय नव्हे.

शाळेच्या हातचे ते 20 गुण मात्र नाजूक. वर्गातल्या सगळ्यांना 18-19 वाटले की पालक खूश, मुले खूश. पण सांख्यिकीच्या दृष्टीने त्या रकान्याला काही बोलताच येत नाही. ज्यात फरक नाही त्यातून मेहनती कोण आणि मदत कुणाला हवी, हे कसे कळणार? 2021 मध्ये साथीमुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीचे 50, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेंचे 20 यांवर निकाल लागला, तो 99.95 टक्के. त्या वर्षी शाळेच्या वहीतला आकडा हाच मुलाचा निकाल ठरला. वही नीट ठेवणाऱ्याची किंमत तेव्हा कळली.

आठवीपर्यंतच्या श्रेणी पाहा. 81 ला अ-2 आणि 90 लाही अ-2; पण 80 ला ब-1. एका गुणाने श्रेणी बदलते, नऊ गुणांनी बदलत नाही. वर्ग पाडले की असे होणारच. पस्तिसाची रेघही तशीच आहे. 34 आणि 35 यांतले अंतर दोन परीक्षकांच्या नजरेतल्या अंतराएवढेही असू शकते. म्हणून तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन या सोयी आहेत आणि 2015 पासून दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच दिवसांत घेण्याची पद्धत आली. एका गुणासाठी मुलीचे शिक्षण थांबवून तिचे लग्न उरकणाऱ्या घरांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

हा विषय पुढे कुठे भेटतो म्हणाल, तर पीक विम्यात. महसूल मंडळात चिठ्ठी टाकावी तशी काही शेते निवडतात, त्यांत मापाचा तुकडा आखून पीक कापतात, आणि त्यांच्या सरासरीवर भरपाई ठरते. तुमचे ओढ्याकाठचे रान वाहून गेले तरी मंडळाची सरासरी उंबरठ्यावर राहिली तर पैसा येत नाही. या कापणीच्या शास्त्राची घडण करणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध येथे 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. तुकडा फार लहान आखला तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी दाखवले. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे; दोघांत यावर वाद झाला. दहावीच्या मुलाने हे ऐकले तर सारणीतला आकडा येतो कुठून, हा प्रश्न तो विचारू लागेल.

म्हणून ते 20 गुण मी असे वापरीन. मुलाने दहा घरी जाऊन एक माहिती गोळा करावी. सारणीला 5, आलेखाला 5, माहिती कशी मिळवली त्याला 5, आणि तोंडी 5. तोंडी परीक्षेत एकच विचारायचे, “तुझ्या दहा घरांत ज्याच्याकडे जमीनच नाही असं घर आहे का? नसेल, तर का नाही?”