विश्लेषण : बाळाचे पाय सरळ बांधू नका, असे डॉक्टर का सांगतात?

नवजात बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय ओढून सरळ करण्याची सवय अनेक घरांत आहे. तसे न केल्यास पाय वाकडे राहतात, हा त्यामागचा समज. खुब्याचा सांधा कच्चा असलेल्या बाळांना मात्र हीच सवय महागात पडू शकते.

हा दोष नेमका काय?
मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत बसून खुब्याचा सांधा तयार होतो. ‘हिप डिस्प्लेसिया’मध्ये ही वाटी उथळ राहते, काही बाळांत माथा वाटीतून निसटतो. मुली, पायाळू बाळे आणि कुटुंबात असा दोष असलेली बाळे यांना धोका अधिक. तान्ह्या बाळाला दुखत नसल्याने दोष लपून राहतो. वेळीच उपचार न झाल्यास मूल लंगडत चालते आणि ऐन तारुण्यात सांधा झिजू शकतो.

पाय सरळ बांधल्याने काय बिघडते?
मांड्या दुमडलेल्या आणि फाकलेल्या असल्या की माथा वाटीत नीट बसतो आणि वाटी खोल होत जाते. पाय सरळ जुळवून बांधले, तर माथा बाहेर सरकतो. जपानमध्ये १९७५ पासून पाय सरळ ठेवणारे लंगोट टाळण्याची मोहीम राबवली गेली. त्यानंतर तेथे खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण खूप घटले.

केवळ व्यायामाने दोष बरा होतो का?
नाही. निसटलेला माथा मालिश किंवा व्यायामाने जागेवर येत नाही. जोर लावल्यास इजाच होते. सहा महिन्यांच्या आत सहसा ‘पाव्हलिक हार्नेस’ हे मऊ पट्टे लावतात. उशीर झाल्यास प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. व्यायामाचे महत्त्व येते ते प्लास्टर निघाल्यानंतर. आखडलेला सांधा मोकळा करणे, स्नायूंना बळ देणे, रांगण्या-चालण्याचा सराव करून घेणे, हे काम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आणि खेळाच्या अंगाने होते.

आईवडिलांनी काय करावे?
• दुपटे छातीशी गुंडाळावे. कमरेखाली सैल ठेवावे.
• लंगोट बदलताना पाय धरून उचलू नये, कुल्ल्यांखाली हात घालावा. मालिश करतानाही पाय ओढू नयेत.
• मान सावरू लागलेल्या बाळाला कडेवर घ्यावे. आपली ही जुनी पद्धत खुब्यासाठी उत्तम आहे, कारण त्यात मांड्या आपोआप फाकतात.
• हार्नेसचे पट्टे स्वतः सैल किंवा घट्ट करू नयेत. बाळाने गुडघा सरळ करून पाय झाडणे थांबवले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

तपासणी कधी आणि कुठे?
एक मांडी कमी फाकत असेल किंवा एक पाय आखूड दिसत असेल, तर लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना सांगावे. पहिल्या काही महिन्यांत सोनोग्राफीने, नंतर एक्स-रेने निदान होते. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’तील जन्मजात दोषांच्या यादीत या दोषाचा समावेश असून त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी आणि उपचारांची तरतूद आहे. मूल चालू लागेपर्यंत वाट पाहिली, तर पट्ट्यांनी भागण्याची वेळ निघून गेलेली असते.