काशीचे नीळकंठशास्त्री आणि मिशनऱ्यांची तळमळ

नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट काशीच्या मराठी वस्तीची खूण आहे. याच काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालायला गेले. ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ त्यांनी संस्कृत ग्रंथही लिहिला. पुढे १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनीच बाप्तिस्मा घेतला.

स्मिथ इतक्या दूर का आले? सर्व राष्ट्रांतून शिष्य करा, ही येशूची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ती आजही बंधनकारक असल्याचे इंग्लिश मिशनरी विल्यम कॅरी यांनी १७९२ मध्ये आग्रहाने मांडले. ज्याने येशूचे नावच ऐकले नाही त्याचे तारण कसे होणार, ही त्यामागची खरी तळमळ. मिशनकार्यावर साम्राज्याची सावली होतीच. तरीही गोऱ्यांसारख्या विद्वानाचे धर्मांतर निव्वळ प्रलोभन ठरवणे मला अन्यायाचे वाटते. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेवरही गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव पडला.