झोळीला मच्छरदाणी शिवली, पेटंट मिळेल का?

देवनार : साडीची झोळी बांधायला कुणी शिकवत नाही. उसाच्या फडाकडेला झाडाला, नाहीतर देवनारच्या दहा बाय दहाच्या खोलीत छताच्या अँगलला दोन गाठी मारल्या की बाळ झोपलं. आता समजा, देवनारच्या एखाद्या टेलरने या झोळीला वरून मच्छरदाणी शिवली. त्याला पेटंट मिळेल का?

अवघड आहे. पेटंटला वस्तू नवी असून भागत नाही, त्या धंद्यातल्या जाणकाराला ती सहज सुचणारी नसावी लागते. जाणकार म्हणजे शास्त्रज्ञ नव्हे, इथे तो रोज मशीन चालवणारा कारागीर. ‘बाळाला डास चावतात, काय करू?’ असं त्याला विचारलं तर तो मच्छरदाणीच सांगणार. झोळी झुलते, जाळी डास अडवते. दोघी आपापलं जुनंच काम करतात. अशी नुसती जोडणी कायद्याच्या कलम ३(एफ) मध्ये बाद होते. त्यात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक मच्छरदाणी शिवलेल्या झोळीत जंगलात झोपत. म्हणजे नवेपणाही गेला. ‘आपल्या बाजारात नाही’ हे चालत नाही, जगभरचं जुनं बघितलं जातं.

पण तोच टेलर कापड असं तिरपं कापतो की बाळ कडेला सरकलं की त्याच्याच वजनाने ती कड ताणून वर उचलली जाते. इथे कापड, शिवण आणि वजन मिळून नवा परिणाम देतात. हे आधी कुणी केलेलं नसेल, तर परीक्षकाला विचार करावा लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच तोलून पाहिलं होतं. लेथवर भांडं घट्ट धरायच्या साधनाचं पेटंट मिर्झापूरच्या कारखान्याकडे १९५१ पासून होतं. ही कारखान्यातली किरकोळ सुधारणा आहे, शोध नाही, असं म्हणून ते रद्द झालं. पेटंटपासून निकालापर्यंत २७ वर्षं गेली, हा भाग वेगळा!

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये, तपासणीची ४,००० वेगळी. तात्पुरता अर्ज करून पूर्ण तपशील १२ महिन्यांत देता येतो. फक्त आकार किंवा नक्षी वेगळी असेल तर पेटंट नको, डिझाइन नोंदणी करावी. आणि अर्जाआधी झोळीचा व्हिडिओ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. तो जाहीर झाला की तुमचाच व्हिडिओ तुमच्या अर्जाला आडवा येऊ शकतो.