खारघरला पारा ३८ च होता, मग माणसं कशी दगावली? कोकणातल्या उन्हाचं गणित समजून घ्या

१६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. रायगडच्या गावागावांतून गाड्या भरून श्रीसदस्य गेले होते. बरेच जण आदल्या रात्रीच पोहोचले होते. व्यासपीठावर मंडप होता, समोर लाखो माणसं मात्र उघड्यावर. दुपारी कार्यक्रम संपेपर्यंत अनेकांना भोवळ आली, उलट्या झाल्या. उष्माघाताने एकूण १४ जण गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटात कित्येक तास अन्न नव्हतं, असं नंतर बातम्यांत आलं.

त्यानंतर राजकारण भरपूर झालं. त्यात एक साधा प्रश्न मागे राहिला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर तापमान होतं ३८ अंशांच्या आसपास. विदर्भात ४४-४५ अंशांत माणसं कामं करतात. मग इथे ३८ ला असं का झालं?

पहिलं कारण, ते ३८ सावलीतलं असतं. हवामान खात्याचा तापमापक हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. उन्हात बसलेल्या माणसाला त्यापेक्षा कितीतरी जास्त चटका बसतो.

दुसरं कारण आपल्या खाडीचं. अंग थंड होतं ते घाम येण्याने नाही, तो घाम वाळण्याने. ओला पंचा पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही ना, तसंच. हवेत आधीच ओल भरलेली असेल तर घाम नुसता गळतो, वाळत नाही. पाणी आणि मीठ शरीरातून जातं आणि उष्णता आतच राहते. नागपूरची कोरडी हवा घाम पटकन उडवते, पनवेल-उरणची दमट हवा उडवत नाही. म्हणून हवामान खात्याने नियमही वेगळा ठेवला आहे. मैदानी भागात पारा किमान ४० ला पोहोचला तरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, किनाऱ्यावर मात्र ३७ पासून, तेही नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर.

तिसरं कारण गर्दी. नुसता बसलेला माणूस जुन्या १०० वॉटच्या बल्बएवढी उष्णता बाहेर टाकतो. लाखो माणसं खेटून बसली की मध्ये वारा शिरत नाही.

हे असंच एखाद्या वर्षी घडलं म्हणून सोडून देता येणार नाही. त्याच एप्रिलमधल्या दमट उष्णतेचा अभ्यास आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाने केला. भारत-बांगलादेशात अशी लाट येण्याची शक्यता हवामान बदलामुळे किमान ३० पटींनी वाढली आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

यावर काम करता येतं, आणि ते आपल्या देशातच झालंय. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादला पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. मग महापालिका, डॉक्टर आणि शास्त्रज्ञांनी मिळून २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. त्यात फार मोठं यंत्र वगैरे काही नव्हतं. हवामान खात्याचा इशारा आला की तो वस्तीपर्यंत पोहोचवायचा, पाण्याची सोय करायची, दवाखान्यांनी तयार राहायचं. एका पालिका रुग्णालयाने नवजात बाळांचा कक्ष तापणाऱ्या स्लॅबखालून खालच्या मजल्यावर आणला. एवढ्यावर दरवर्षी हजाराच्या वर जीव वाचले असा अंदाज आहे. पुढे आपल्याकडे नागपूरनेही असा आराखडा केला. २०१९ पासून केंद्राचा हवामान बदल आणि आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू आहे. खारघरनंतर राज्य सरकारने त्या उन्हाळ्यापुरते दुपारी १२ ते ५ उघड्यावरचे कार्यक्रम बंद केले होते.

पण गावात हा कार्यक्रम म्हणजे कोण? आशाताई, उपकेंद्रातली नर्सताई आणि १०८ ची गाडी. आशाताईच्या पिशवीत ओआरएस असतं, मागून घ्या. एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या पेल्यात नाही. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताक, पन्हं, कोकम सरबतही चांगलं. खिशात कांदा ठेवून मात्र काही होत नाही, तो भाकरीबरोबर खा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हात कोणी बरळायला लागलं, चालताना झोकांड्या खाऊ लागलं, झटका आला किंवा शुद्ध गेली तर तो उष्माघात समजा. अंग कोरडंच पडेल असं नाही, राबणाऱ्या माणसाला घामही असतो. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघांत ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथे चालत नाही. गाडी येईपर्यंतची ती पंधरा-वीस मिनिटंच जीव वाचवतात.

जास्त जपायचं ते म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, लहान मुलांना, वीटभट्टी आणि मिठागरावरच्या मजुरांना. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. आणि लग्नाचा मुहूर्त दुपारी साडेबाराचा निघाला तर भटजींना गोरज मुहूर्त विचारायला काय हरकत आहे? मांडवात पंखे नवरा-नवरीकडे आणि आजी मागच्या खुर्चीत पत्र्याखाली, हे आपण दरवर्षी बघतो.

एक गोष्ट गावात सहसा होत नाही. शेतावर माणूस पडला की 'अटॅक आला' म्हणतात आणि विषय संपतो. उन्हाळ्यात उष्माघाताचे रुग्ण आणि मृत्यू यांची नोंद सरकारी दवाखान्यांतून वर जाते, त्यावर कुठे काय लागेल ते ठरतं. तुमच्या वाडीत भर उन्हात कोणी कोसळलं असेल, तर ते किती वेळ उन्हात होतं, काय काम करत होतं, हे उपकेंद्रात जाऊन त्याच दिवशी सांगा.