अटल सेतू : वरच्या थरासाठी अख्खा पूल बंद का?

मांडवी नदीवरील अटल सेतू 27 मार्च 2023 पासून दुरुस्तीसाठी वाहतुकीस बंद करण्यात आला, तेव्हा मूळ मुदत 10 एप्रिलपर्यंतची होती. 27 जानेवारी 2019 रोजी लोकार्पण झालेल्या, जोडमार्गांसह सुमारे 5.1 किलोमीटर लांबीच्या या पुलाच्या पृष्ठभागावर चार वर्षांतच खड्डे पडले होते. पृष्ठभागाच्या तपासणीसाठी मद्रास आयआयटीच्या तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे लागले. खांब, तारा, तुळया जागच्या जागी असताना केवळ डांबराच्या थरासाठी अख्खा पूल बंद का ठेवावा, हा पणजी-पर्वरीच्या कोंडीत सापडलेल्या वाहनचालकाचा प्रश्न रास्तच होता.

जमिनीवरील रस्त्याखाली खडी व मातीचे थर असतात आणि भार त्यांत पसरत जातो. पुलावर डांबराखाली असे काहीच नसते. वाहन जाताच पूल किंचित लवतो व थरथरतो. ऊन वरून तापवते, वारा खालून थंड करतो. त्यामुळे डांबर खालच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहणे महत्त्वाचे ठरते. ही पकड सुटली की भेग पडते आणि भेगेतून पाणी आत शिरते.

पाणी आत शिरण्याचा अर्थ गोमंतकीयांना वेगळा सांगायला नको. 1970 साली खुला झालेला मांडवीवरील पहिला, नेहरू पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. पुलाचे वय अवघे सोळा वर्षे होते. बार्देशातून राजधानीत येणाऱ्यांना त्यानंतर पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहावे लागले. अटल सेतूवरील खड्ड्यांची या दुर्घटनेशी बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल. पण खाऱ्या हवेतल्या पुलावर डांबराचा थर हा आतल्या पोलादाचे पाण्यापासून रक्षण करणाऱ्या आवरणाचाही भाग असतो, हे ध्यानात ठेवायला हवे.

दुरुस्तीत आधी जुना थर यंत्राने खरवडून काढतात. मग पृष्ठभाग धूळविरहित व कोरडा करून त्यावर जलरोधक व चिकट लेप देतात, आणि शेवटी गरम डांबरमिश्रण अंथरून रोलरने दाबतात. एक बाजू चालू ठेवूनही हे काम करता येते. मात्र शेजारून वाहने धावत असताना बसणारे हादरे, उडणारी धूळ आणि कामगारांच्या जिवाचा धोका यांचा विचार करावा लागतो. शिवाय दोन टप्प्यांत अंथरलेल्या थरांमध्ये सांधा राहतो, आणि पाण्याला वाट मिळते ती बहुधा अशा सांध्यातूनच.

हे सारे कोरड्या हवेतच शक्य असते. पाऊस जूनमध्ये येतो. म्हणून मुदत मार्च-एप्रिलमध्ये, ऐन परीक्षांच्या दिवसांत येते. 2023 मध्ये त्याच सुमारास पणजीत स्मार्ट सिटीची खोदकामेही सुरू होती. पुलाच्या कामाला हवामानाचे कारण होते. दोन्ही कामे एकाच वेळी शहराच्या माथी मारण्यास मात्र तेवढे सबळ कारण दिसत नाही.

या बंदीचा एक भार सहसा चर्चेत येत नाही. मडगाव वा फोंड्याहून म्हापशाकडे जाणाऱ्या मोटारी अटल सेतूवरून पणजीला वळसा घालून जातात. पूल बंद होताच त्या खालच्या दोन जुन्या मांडवी पुलांवर उतरतात. दुचाकींना अटल सेतूवर मज्जाव असल्याने दुचाकीस्वारांना एरवीही हेच पूल वापरावे लागतात. म्हणजे ज्या पुलाचा त्यांना उपयोग नाही, त्याच्या दुरुस्तीची कोंडी त्यांच्याही वाट्याला येते.

अशा कामांच्या प्रगतीचे टक्के वाचताना थोडी सावधगिरी बरी. खरवडण्याचे काम झपाट्याने होते व डोळ्यांत भरते. लेप सुकण्याची वाट पाहताना पुलावर काहीच चालले नाही असे वाटते. त्यामुळे किती मीटर डांबर अंथरले याबरोबरच जलरोधक थराचे काम किती लांबीवर झाले आणि पुलाच्या प्रसरण-सांध्यांची तपासणी झाली का, हेही विचारायला हवे. सांधा सैल राहिला, तर त्याच्या कडेचे नवे डांबर पहिल्याच पावसाळ्यात उखडू लागते.