पांढरीच्या पोटांत

सहल म्हटली कीं धबधबा, किल्ला, निदान एखादें देवस्थान तरी डोळ्यांपुढें येतें. मी आज ज्या सहलीची हकीकत सांगणार आहें, तींत यांपैकीं मुख्य असें कांहींच नव्हतें. गेल्या माघांत चिंचवडांतील शेजारपाजारचीं सहासात कुटुंबें बरोबर घेऊन मी जुनीं दफनस्थानें पाहावयास गेलों. निघण्यापूर्वीं एका गृहस्थांनीं हंसत विचारलें, "मास्तर, सकाळच्या प्रहरीं मुलाबाळांना घेऊन स्मशानें पाहावयाचीं काय?" मी म्हटलें, "स्मशानें नव्हेत, घरें पाहावयाचीं." हें मीं विनोदानें म्हटलें नव्हतें. त्याचा खुलासा आतां करतों.

आपल्या खेड्यांत गांवच्या जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गांवठाण. पांढरीला पांढरी कां म्हणावयाचें, हें मीं माझ्या वर्गांत अनेक वर्षें विचारलें आणि उत्तर क्वचितच मिळालें. एकाच जागीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या राहिलीं म्हणजे चुलींची राख, सारवणाचे थर, पडलेल्या भिंतींची माती, गोठ्यांतील केर हें सारें एकावर एक साचत जातें आणि जमिनीस राखट पांढुरका रंग येतो. वस्ती उठून गेली तरी रंग जात नाहीं. म्हणून नदीकांठच्या ओसाड टेकाडालाही शेतकरी पांढरच म्हणतो. पुराणवस्तुसंशोधक अशी पांढर दिसली कीं थांबतो; कारण महाराष्ट्रांतील अगदीं पहिले शेतकरी ज्या टेकाडांच्या पोटांत सांपडले, तीं बहुतेक अशींच आहेत. आणि त्यांचे मृतही तेथेंच सांपडले, गांवाबाहेर नव्हे.

सहलीचा आरंभ आम्हीं घराजवळच केला. चिंचवडास पवनेच्या कांठीं मोरया गोसावींचें समाधिमंदिर आहे. आपण तेथें दर्शनास जातों, तेव्हां आपण एका दफनस्थानापुढें उभे आहों, हें आपल्या मनांतही येत नाहीं. आळंदीस १२९६ सालीं ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली, तेंही तसेंच. आपल्यांतील बहुतेक समाजांत मृतास अग्नि देतात. पण ह्या नियमास दोन ठळक अपवाद आहेत. संन्याशास आणि सिद्धपुरुषास बसलेल्या स्थितींत भूमींत ठेवतात, आणि दांत येण्यापूर्वीं गेलेलें तान्हें मूल पुरतात. हे दोन अपवाद लक्षांत ठेवा, असें मीं मंडळींस सांगितलें. दुपारीं त्यांचें काम पडणार होतें.

पुढें भोसरी. हिचें जुनें नांव भोजापूर. गांवाच्या परिसरांत प्रचंड ओबडधोबड दगडांचे प्राचीन अवशेष असल्याची नोंद १८८५ सालीं छापलेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत आहे. आज रस्त्यानें जाणाऱ्यास उड्डाणपूल आणि कारखाने दिसतात, दगड दिसत नाहींत. ज्यांना मोठ्या दगडांचीं दफनवर्तुळें डोळ्यांनीं पाहावयाचीं असतील, त्यांनीं विदर्भांत जावें. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड येथें तीं आहेत, आणि त्यांतून लोखंडाचीं हत्यारें व घोड्यांचे अवशेष निघालेले आहेत. चाकणास आम्हीं चहापुरतेंच थांबलों. १६६० सालीं शाइस्तेखानाशीं सुमारें दोन महिने झुंजलेल्या फिरंगोजी नरसाळ्याच्या किल्ल्याची हकीकत मुलांनीं मागितली आणि मीं ती थोडक्यांत सांगितली. पण तो विषय निराळा. चाकणाहून शिक्रापुरावरून न्हावऱ्याच्या बाजूस वळलें म्हणजे कारखान्यांच्या भिंती संपतात, ऊंस लागतो, आणि घोड नदीच्या कांठीं इनामगांव येतें. तेंच आमचें मुक्कामाचें ठिकाण.

तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं, हें मीं आधींच बजावून ठेवलें होतें. १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें येथें उत्खनन केलें. डॉ. हसमुख सांकळिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर हीं त्यांतील प्रमुख नांवें. पण खणलेले खड्डे उघडे ठेवीत नाहींत, आणि निघालेल्या वस्तु संशोधक घेऊन जातात. म्हणून सहलीच्या आधीं एकदां मंडळींना डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयांत नेलें होतें. ज्यानें संग्रहालय पाहिलें नाहीं, त्यास टेकाड मुकें वाटतें, आणि ज्यानें टेकाड पाहिलें नाहीं, त्यास कपाटांतील मडकीं केवळ मडकींच वाटतात.

येथील वस्ती इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत नांदली. लोखंड यावयाचें होतें. हत्यारें दगडाचीं आणि थोडीं तांब्याचीं. घरें चौकोनी, मातीच्या ठेंगण्या भिंतींचीं, कुडाचीं आणि गवतानें शाकारलेलीं. घरांत चूल, धान्याच्या कणगीसाठीं मातीचे गोल ओटे, आणि धान्य सांठविण्यासाठीं जमिनींत पेंव. गहूं, जव आणि कडधान्यें पिकत. नदीचें पाणी वळविण्यासाठीं बांध व पाट काढल्याच्या खुणा सांपडल्या. कुंभाराची मोठी गोल भट्टीही सांपडली. तिच्यांत भाजलेलीं तांबडीं, काळ्या नक्षीचीं भांडीं इतकीं पक्कीं आहेत कीं टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. संगमनेर तालुक्यांतील जोर्वें गांवीं तीं प्रथम ओळखलीं गेलीं, म्हणून ह्या संस्कृतीस जोर्वे हें नांव पडलें. चौकोनी घरें, चूल, पेंव, कुंभार, पाट : आमच्यांतील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मास्तर, हें तर माझ्या आजोळाचें वर्णन झालें." तें खरें होतें, एका गोष्टीखेरीज.

ती गोष्ट जमिनीखालीं होती. ह्या लोकांनीं आपले मृत घराच्या जमिनीखालीं किंवा अंगणांत पुरले. इनामगांवीं अशीं दोनशेंहून अधिक दफनें उघडकीस आलीं, आणि त्यांत मुलांचा भरणा फार मोठा. मोठें माणूस गेलें तर त्यास खड्ड्यांत उताणें निजवीत, डोकें उत्तरेस. पुरतांना घोट्याखालीं पाय तोडीत, आणि शेजारीं तोटीचें भांडें व वाडगे ठेवीत. पाय कां तोडीत, ह्याचें उत्तर हाडें देत नाहींत. मेलेला उठून चालूं लागूं नये, त्यानें घरांतच राहावें, अशी समजूत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. डोकें उत्तरेस म्हणजे पाय दक्षिणेस. आणि दक्षिणेकडे पाय करून झोपूं नये, असें आपल्या घरोघरीं अजून सांगतात. ही जोडी जमविण्याचा मोह मला नेहमीं होतो. पण तीन हजार वर्षांचें अंतर एका उडींत ओलांडणें शिक्षकास शोभत नाहीं, म्हणून ती मीं मंडळींपुढें केवळ ठेवली आणि पुढें गेलों.

एकाच माणसाचे पाय शाबूत होते. पांच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणांत कच्च्या मातीचा, चार पायांचा, मोठ्या पोटाचा रांजण निघाला. त्यांत सुमारें चाळीस वर्षांचा पुरुष मांडी घालून बसविलेला होता. घराशेजारींच धान्याचें कोठार होतें. हा वस्तीचा प्रमुख असावा, असें मानतात. सकाळचा समाधीचा अपवाद मंडळींना येथें आठवला. तेथेंही मीं तेंच सांगितलें : सारखें दिसतें, एवढेंच आज म्हणूं.

मुलांची रीत वेगळी होती. तान्हें मूल गेलें तर हातानें घडविलेलीं राखी रंगाचीं दोन मडकीं घेत, त्यांत मूल ठेवीत, मडक्यांचीं तोंडें एकमेकांस भिडवीत आणि तीं आडवीं करून घराच्या जमिनींत ठेवीत. वर पुन्हां जमीन चोपून सारवीत. त्याच जमिनीवर दुसरे दिवशीं चूल पेटत असे. मुलांचे पाय तोडलेले नाहींत. चालावयास न शिकलेलें मूल कोठें निघून जाणार? शेवटच्या शतकांत पाऊस उणा झाला, चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षां शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली. त्या काळच्या कांहीं बालकांच्या हाडांवर अन्नाच्या उणिवेच्या खुणा दिसतात. झोपडी लहान झाली, पण मडकीं तीच राहिलीं आणि जमिनीखालची जागाही तीच.

हें मी टेकाडाच्या उतारावर उभा राहून सांगत होतों. आमच्यांतील एक बाई बराच वेळ गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे बाळ घरांतच राहिलें म्हणावयाचें." कोणी कांहीं बोललें नाहीं. मला माझी आई आठवली. माझी धाकटी बहीण आठ महिन्यांची होऊन गेली. वडिलांनीं तिला शेताच्या बांधापलीकडे नेऊन ठेवलें, आणि रीतीप्रमाणें आईस जागा दाखविली नाहीं. आई पुढें पन्नास वर्षें जगली. त्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर ती नेहमीं मागें रेंगाळे, आणि आम्ही मुलें तिला हांका मारीत असूं. ती काय शोधीत होती, हें मला साठी उलटल्यावर इनामगांवच्या मडक्यांपुढें कळलें. जुनी रीत चांगली कीं आपली, हा माझा प्रश्न नाहीं. आरोग्याच्या दृष्टीनें आपलीच चांगली, ह्यांत शंका नाहीं.

परततांना एका मुलाच्या खिशांत खापराचा नक्षीदार तुकडा निघाला. त्यास मी रागावलों नाहीं, कारण तें पाप मीं स्वतः केलेलें आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षीं एका नदीकांठच्या पांढरींतून मीं पिशवीभर खापरें वेंचून शाळेच्या कपाटांत मोठ्या अभिमानानें मांडलीं. कोणत्या टेकाडावर, कोणत्या बाजूस, किती खोल, ह्यांची एका ओळीचीही नोंद केली नाहीं. पुढें एका जाणत्या गृहस्थांनीं तीं पाहून एवढेंच विचारलें, "कोठचीं?" मला नदीचें नांवही निश्चित सांगतां येईना. जागा हरवलेलें खापर पत्ता पुसलेल्या पत्रासारखें असतें. पांढरीची माती शेतास खत म्हणून आणि धाब्याच्या छपरांस म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खणून नेली गेली. आतां भूखंड पाडण्यासाठीं यंत्रें टेकाडें एका दिवसांत सपाट करतात. त्यांत मास्तरांची पिशवी ती केवढी! पण ती माझी होती.

मुलानें तुकडा परत नेला. उचलल्या जागीं दगडाची खूण होती, ती त्यास सांपडली, आणि त्यानें तो तेथेंच नक्षी खालीं करून ठेवला. मग आम्ही गाडींत बसलों. चाकणास पोंचलों तेव्हां दिवे लागले होते, आणि कारखान्यांची दुसरी पाळी सुरू झाली होती.