दुधाळ जनावरांचे अनुदान आणि शेतकऱ्याचा वाटा

उत्तरेस सातपुडा, त्याच्या पायथ्याशी पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांनी उंचावलेले पठार, अशी बुलढाणा जिल्ह्याची रचना आहे. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांतील बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील मुख्य पिके. या पिकांचा पैसा हंगामाच्या शेवटी एकदाच हाती येतो आणि पाऊस फिरला तर तोही येत नाही. दुधाचा पैसा मात्र थोडा थोडा का होईना, वर्षातील बराच काळ घरात येत राहतो. म्हणूनच कोरडवाहू शेतकऱ्यास दुग्धव्यवसायाचा जोड मिळावा, यासाठी शासन अनुदानाच्या योजना राबवीत आले आहे.

या योजनांमागील तत्त्व सरळ आहे. शासनाने खर्चाचा एक भाग उचलावा व उरलेला भाग शेतकऱ्याने स्वतःच्या बचतीतून किंवा बँकेच्या कर्जातून घालावा. पूर्ण रक्कम शासनाने दिल्यास जनावराविषयी आस्था राहत नाही आणि काहीच न दिल्यास अल्पभूधारकास ते घेणे परवडत नाही. या दोन टोकांमधील हा मार्ग आहे.

मागील अनुभव

२ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकास गटांत एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम लागू झाला. त्यात लहान शेतकऱ्यास २५ टक्के, अत्यल्पभूधारक व शेतमजुरास ३३⅓ टक्के आणि आदिवासी कुटुंबास ५० टक्के अनुदान मिळे. बाकीची रक्कम बँक कर्जरूपाने देई. पुढे जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्या सहांमध्ये बुलढाणा होता आणि ५० टक्के अनुदानावर दुधाळ जनावरे देण्याची तरतूद त्यात होती.

या दोन्ही प्रयत्नांतून एक धडा मिळाला. अनेक घरांत जनावर आले, परंतु हिरवा चारा नव्हता, उन्हाळ्यात पाणी नव्हते आणि दूध घेणारे संकलन केंद्र जवळ नव्हते. घरच्या माणसांच्या पोटापेक्षा गायीच्या खुराकावर अधिक खर्च होऊ लागला, तेव्हा अनेकांनी ती विकून टाकली. गाय गेली तरी कर्ज घेतलेल्याचा हप्ता मात्र राहिला.

हिशेबाची दुसरी बाजू

राज्याच्या नावीन्यपूर्ण योजनेत अलीकडच्या वर्षांत दोन दुधाळ जनावरांचा गट देण्यात आला. एका गायीची किंमत ७०,००० रुपये व तीन वर्षांचा विमा धरून दोन गायींच्या गटाचा खर्च १,५६,८५० रुपये आकारण्यात आला. म्हशीची किंमत ८०,००० रुपये धरल्याने दोन म्हशींच्या गटाचा खर्च १,७९,२५८ रुपये झाला. सर्वसाधारण लाभधारकास ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभधारकास ७५ टक्के अनुदान ठरले. म्हणजे गायींच्या गटासाठी पहिल्यास सुमारे ७८,४२५ रुपये व दुसऱ्यास सुमारे ३९,२१२ रुपये स्वतःचे घालावे लागतात.

हा वाटा कागदावर दिसतो. रोजचा वाटा मात्र कागदावर येत नाही. दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गायीस शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो व दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असे दिवसाला पाच-साडेपाच किलो पशुखाद्य लागते. त्याशिवाय २० ते २५ किलो हिरवा चारा व पाच-सहा किलो वाळलेली वैरण हवी. दोन गायींना वर्षभर हिरवा चारा पुरवायचा तर संकरित नेपियरसारख्या बहुवार्षिक गवताखाली साधारण दहा गुंठे ओलिताची जमीन राखावी लागते. विण्यापूर्वी सुमारे दोन महिने गाय आटवावी लागते. त्या काळात दूध थांबते, पण खुराक थांबत नाही.

क्रम महत्त्वाचा

म्हणून आधी चारा, मग दुधाची बाजारपेठ आणि त्यानंतर जनावर हा क्रम पाळला पाहिजे. २०१६ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या सहकार्याने विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला, तेव्हा दूध संकलनाची साखळी उभारण्यावर भर होता. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात १९ जिल्ह्यांसाठी १४९ कोटींहून अधिक रुपयांची तरतूद झाली. त्यात दुधाळ जनावरांबरोबरच विजेवर चालणाऱ्या कडबाकुट्टी यंत्रास ५० टक्के साहाय्य आणि वैरण पिकांसाठी मदत ठेवण्यात आली.

कडबाकुट्टीचे अनुदान गायीच्या अनुदानाहून रकमेने लहान असते, पण अनेकदा तेच अधिक टिकते. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यापासून कडबा दुर्मिळ झाला आहे. जो आहे तो आखाच टाकला तर जनावर पाने खाते आणि धांडे पायाखाली जातात. कुट्टी केल्यास ही नासाडी घटते. तूर, हरभरा व सोयाबीनचे कुटारही जाळून न टाकता वैरणीत मिसळता येते.

जनावराची निवडही परिस्थितीनुरूप असावी. पूर्णेच्या खोऱ्यातील पूर्णाथडी म्हशीस राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. येथील उन्हाळा व हलक्या वैरणीवर निभावणारी ही म्हैस काही घरांना जास्त दूध देणाऱ्या परक्या गायीपेक्षा अधिक सोयीची ठरू शकते.

गावपातळीवरील जबाबदारी

पंचायत सदस्यांनी अर्ज भरण्याची घाई करण्यापूर्वी इच्छुकाच्या घरी चारा, पाणी व निवारा यांची सोय आहे काय, हे त्याच्याशी बसून पाहावे. सोय नसल्यास प्रथम वैरण बियाणे व कडबाकुट्टीचा लाभ घेण्यास सांगावे. शिक्षकांनी योजनेच्या अटी व विम्याची मुदत वाचून दाखविली तर अनेक कुटुंबांची फसगत टळेल. जनावर दगावल्यास कानातील बारा अंकी बिल्ला, विमा कंपनीस त्वरित सूचना व पशुवैद्यकाचा दाखला यांविना भरपाई अडते, ही गोष्ट खरेदीच्या दिवशीच समजावून द्यावी.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने योजनेचे यश किती जनावरे वाटली यावर मोजणे सोपे आहे. खरे मोजमाप तीन वर्षांनी करावे लागते. विम्याची मुदत संपेल त्या दिवशी ती गाय त्याच गोठ्यात असेल, दुसऱ्यांदा व्यालेली असेल आणि तिची कालवड वाढत असेल, तर शासनाचा व शेतकऱ्याचा असे दोन्ही वाटे सत्कारणी लागले असे म्हणता येईल.